बाटलीला चिकटलेलं शिसं

परवा खारून नदीच्या घाटावर जाऊन आले. रिटायर होऊन आठ दिवस झाले होते, आणि एक काम वीस वर्षं टाळलं होतं... तिथे मासे धरणाऱ्या केवटीन दाईला खरं सांगायचं.

तेव्हा राज्य नवीन, राजधानी नवीन आणि मी प्रदूषण तपासणाऱ्या सरकारी लॅबमधली नवी केमिस्ट. घाटाच्या वरच्या अंगाला एक कारखाना आपलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी नदीत सोडणार होता. त्यात शिसं, क्रोमियम किती चालेल ही मर्यादा ठरवायची, तर नदीत आधीच किती आहे ते बघावं लागतं. ते नमुने माझ्याकडे होते.

नमुना भरला की तिथल्या तिथे बाटलीत थोडं नायट्रिक ॲसिड टाकायचं असतं. नाहीतर धातू बाटलीला आतून चिकटून बसतो आणि तपासणीत कमी दिसतो. पण एकदा ॲसिड जीपमध्ये सांडलं, सीट जळली, ड्रायव्हर भैया चिडले... म्हटलं जाऊ दे, लॅबमध्ये गेल्यावर टाकू.

बाटल्या दोन-दोन दिवस तशाच पडून राहायच्या. मग वरचं पाणी दुसरीकडे ओतून घ्यायचं, त्यात ॲसिड टाकायचं आणि तपासायचं. आकडे इतके छान यायचे की नदीत अजून जागा आहे असं धरून मीटिंगमध्ये कारखान्याला सैल मर्यादा मिळाली.

त्याच दिवसांत दाईने विचारलं होतं, "पानी बने हे न, दीदी?" पाणी चांगलं आहे ना? मी ऐटीत सांगितलं, एकदम बढ़िया, खाओ मछली. ती "हव" म्हणाली आणि जाळं टाकायला गेली.

काही महिन्यांनी त्या रिकाम्या बाटल्या ॲसिडने धुतल्या आणि ते धुवण सहज तपासलं... शिसं तिथे होतं. धावत साहेबांकडे गेले, ते आमच्या नागपूरकडचे. "आता काहून उकरून राहिली? मीटिंग तर होऊन गेली."

मी गप्प बसले. साहेबांवर ढकलून मोकळं होता येत नाही, तोंड मलाही होतं. पुढे दुसऱ्यांनी नमुने घेतले, मर्यादा कडक झाली, पण मधली चार वर्षं गेली ती गेलीच.

दाई आता फार थकली आहे, कमी दिसतं, तरी आवाजावरून तिने मला ओळखलं. शेजारी बसून बाटली, ॲसिड, सगळं सांगितलं... सांगता सांगता रडू आलं. वाटलं होतं, ती शिव्या देईल. नाहीतर माफ तरी करेल.

तिने माझा हात धरला. म्हणाली, "तोर भरोसा म नइ खाएन, नोनी. दूसर का खातेन?"

तुझ्या भरवशावर नव्हतो खात, पोरी. दुसरं काय खाल्लं असतं...

मर्यादा ज्यांच्यासाठी ठरवायची, त्यांच्यापुढे दुसरं ताट नसतं. इतक्या वर्षांत इतक्या मीटिंगा केल्या, एकीतही मी हे बोलले नाही.