लूमच्या नळीची हवा

दुपारी तीनला जीप निघणार होती आणि अकरा वाजता वाल्मिकच्या कॅमेऱ्यात तेल गेलं.

लिंबायतच्या यंत्रमाग वस्तीत नऊ वर्षं लूम चालवून वाल्मिक फोटोग्राफीत आला. हळद, लग्न, वाढदिवस यापलीकडे काम मिळालं नाही. या वेळी मात्र एका संस्थेच्या नूतनबेननी त्याला कच्छच्या रणात बारा दिवसांसाठी बोलावलं होतं, मीठ पिकवणाऱ्यांचे फोटो काढायला. हे जमलं तर लग्नाच्या मांडवातून सुटका होती.

आठवडाभर त्याने तयारी केली. प्रत्येक लेन्स वेगळ्या पिशवीत, सोबत साड्यांच्या खोक्यांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या. कॅमेऱ्याच्या फटींवर चिकटपट्टी. त्याच्या आईने, धुरपदाबाईने, घट्ट विणीच्या कापडाची खोळ शिवून दिली. राहिला होता आतला सेन्सर. त्यावरची धूळ उडवायचा रबरी फुगा नेमका चिरला होता.

खाली भिकनचं लूमखातं होतं. पाळी सुटली की कारागीर कॉम्प्रेसरच्या नळीने अंगावरचे, केसांतले तंतू उडवतात. वाल्मिकनेही नऊ वर्षं तेच केलं होतं. कॅमेरा घेऊन तो नळीपाशी घुटमळला.

"कॅमेरा शे का नवरी? इतला जपस!" भिकन हसला. "मार ना हवा."

त्याने मारली. कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाचे बारीक कण असतात. अंगावर ते कधी कुणाला जाणवले नव्हते.

घरी येऊन त्याने पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला. वरच्या अर्ध्या भागात डागच डाग. रणात तिथे आकाश असतं. औषध लावून पुसलं, तर डाग फरफटून मोठे झाले. दुरुस्तीवाला म्हणाला, चार दिवस लागतील. भाड्याचे कॅमेरे लग्नसराईत गेलेले. पाच ओळखीच्यांना फोन झाले, पाचही जणांचं काम सुरू होतं.

"जेवी ले ना, भाऊ," धुरपदाबाई म्हणाली.

"डाग निघत नही, माय."

एक वाजता नूतनबेनचा निरोप आला: एक टेस्ट फोटो पाठवा.

लेन्सची प्रकाश कमी-जास्त करणारी झडप पूर्ण उघडली की डाग विरून जातात, बारीक केली की उमटतात. वाल्मिकला हे ठाऊक होतं. त्याने झडप पूर्ण उघडली, खिडकीतून समोरच्या गच्चीवरचं आभाळ टिपलं आणि पाठवून दिलं.

"सरस, वाल्मिकभाई!" लगेच उत्तर आलं.

जीप कामरेजपुढे हायवेला लागल्यावर नूतनबेन मागे वळल्या. "पायाखालच्या भेगांपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट पाहिजे हं. थशे ने?"

त्यासाठी झडप बारीकच ठेवावी लागते.

"होईल, बेन," वाल्मिक म्हणाला.

बॅग मांडीवर घट्ट धरून तो बसला. भरूचच्या पुलापर्यंत त्याने तीनदा बोलायला तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा पाणी प्यायला.