चैत्रगौरीपुढची वाइन

मी लग्न होऊन आले तेव्हा घरात एकच भांडण चालू होतं : द्राक्षबाग ठेवायची की उपटायची. सत्तरच्या दशकातली गोष्ट. नवी पेठेच्या मागं आमचं घर, शहराबाहेर मळा. मळ्यात ह्यांनी मोठ्या हौसेनं बाग लावलेली, तर मामंजींचा सगळा जीव ज्वारीवर. त्या साली ऐन काढणीत अवकाळी पाऊस झाला, मणी तडकले आणि व्यापारी फिरकलाच नाही. "चैत्र सरला की बाग काढायची," मामंजींनी सांगून टाकलं. ह्यांचा पडलेला चेहरा मला बघवेना.

पण आमचे हे गप्प बसणारे नव्हेत. तडकलेल्या द्राक्षांची वाइन करायची! घरात कुणी वाइन पाहिलीसुद्धा नव्हती. एका मित्रानं कुठून तरी कृती आणली, लोणच्याच्या बरणीत द्राक्षं कुस्करून भरली आणि आम्ही दोघं रोज बरणीला कान लावून आतली बुडबुड ऐकायचो. मला हसू आवरायचं नाही. शेवटी मित्रानं चव घेऊन निकाल दिला, "गड्या, पिणाऱ्याला ही चढायची न्हाय आन् न पिणारा हात लावायचा न्हाय. शिवाय करायला लायसन, प्यायला परमिट. विकणार कुणाला?" खरंच होतं त्याचं.

गिऱ्हाईक घरातच निघालं. सासूबाईंनी एक चमचा चाखला आणि खूश झाल्या. "अगं, हे तर द्राक्षासव की! बाळंतपणात वैद्यानं मला हेच दिलतं. लई गुणाचं." दुसऱ्या दिवशी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. बायकांना जरा शक्ती येईल म्हणून त्यांनी पन्ह्याऐवजी हेच द्यायचं ठरवलं. आसव चमच्यानं घ्यायचं असतं एवढं मात्र विसरल्या आणि पेले भरले.

त्या संध्याकाळचं काय सांगू! पहिल्या पेल्याला बायकांनी तोंडं वाकडी केली, दुसरा मागून घेतला. शेजारच्या विणकराची बायको एरवी मान वर करायची नाही, ती खणखणीत आवाजात तेलुगू गाणं म्हणायला लागली. अर्थ एकीलाही कळला नाही, तरी सगळ्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. कुंकू कपाळाऐवजी नाकाला लागत होतं. मी फुगडीला जिचा हात धरावा ती खालीच बसायची. त्या घरात इतकं मोकळं हसू मी पहिल्यांदाच ऐकलं.

बायका गेल्या आणि मामंजी आले. सासूबाई गौरीपुढं पाय पसरून बसलेल्या. उभ्या जन्मात ज्यांनी नवऱ्याचा शब्द मोडला नव्हता, त्या म्हणाल्या, "अवो, बाग उपटायची न्हाय."

मामंजींनी आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग बरणीकडं. "तुला चढलीया. झोप जा," म्हणाले आणि हसत आत गेले. आमचा जीव टांगणीला लागला. शुद्धीवर आल्यावर सासूबाई कसल्या बोलतायत!

सकाळी त्यांचं डोकं ठणकत होतं. कपाळाला फडकं बांधून त्यांनी मामंजींपुढं चहा ठेवला. आता आत येतील असं वाटलं, पण आल्या नाहीत. तिथंच उभ्या राहिल्या.

"काल चढली व्हती. आज न्हाय चढली. माझ्या लेकाची बाग उपटायची न्हाय."

मामंजींनी चहावरून मान वर केली. "मग इतक्या दिसांत एकदा तरी बोलायचं की."

"तुमी इचारलं व्हतं का कदी?"

मामंजींनी चहा तसाच ठेवून चपला घातल्या आणि बागेच्या पुढच्या हंगामाच्या छाटणीला माणसं सांगायला निघून गेले.