बाटलीतले बुडबुडे

चाळीसगावच्या बसस्टँडजवळ गनीचाचांचं पंक्चरचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, वर एक पत्रा, हवेचं मशीन आणि पाण्यानं भरलेलं घमेलं. ट्यूब पाण्यात दाबायची, बुडबुडा दिसला की चाचा खूश. “सापडला चोर!” असं गिऱ्हाइकाला ओरडून सांगणार. उभा जन्म त्यांनी बुडबुड्यांवर काढला म्हटलं तरी चालेल.

त्यांच्या लेकीची लेक खुशनुमा, दोन वर्षांची. साधा खोकला-ताप म्हणता म्हणता न्यूमोनिया झाला, छातीत पू भरला. धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “चाचा, असं फार थोड्या मुलांना होतं. जंतूंनी फुप्फुसाला भोक पाडलंय.” त्यांनी पोरीच्या बरगड्यांमधून नळी घातली आणि नळीचं दुसरं टोक खाटेखालच्या बाटलीत, पाण्यात सोडलं. पोरगी खोकली की बाटलीत बुडबुडे यायचे.

चाचांची बायको सुगराबी हरखून म्हणाली, “देखो, साँस चल री बच्ची की.”

पण बुडबुडे म्हणजे गळती, हे चाचांना कुणी शिकवायला नको होतं. इथे ना पॅच लावता येत होता, ना सोल्यूशन. बायकोला खरं सांगायचंही त्यांच्यानं होईना. “या अल्ला, बंद कर,” एवढंच ते बाटलीकडे बघून पुटपुटत.

आणि एका सकाळी बुडबुडे बंद झाले.

सुगराबी चहा आणायला गेली होती. चाचा वाट बघत राहिले. एकही नाही. दुकानात बुडबुडे दोनच कारणांनी थांबायचे. भोक बुजलं म्हणून, नाहीतर ट्यूबमधली हवाच संपली म्हणून. मान वर करून पोरीच्या तोंडाकडे बघायची त्यांची हिंमत होईना. ते तसेच फरशीवर, बाटलीला नजर लावून बसले.

“नाना, पानी,” वरून घोगरा आवाज आला.

चाचा ढसाढसा रडले. डॉक्टरीणबाई आल्या. नळीतलं पाणी पोरीच्या श्वासाबरोबर वरखाली होत होतं, ते त्यांनी दाखवलं. “नळी तुंबलेली नाही, म्हणजे भोक बुजलेलं दिसतंय. छातीचा फोटो काढून खात्री करू. तुम्ही आता जरा बाहेर जाऊन या, चाचा.”

चाचा कसले उठतात! पंक्चर काढल्यावर ट्यूब पुन्हा पाण्यात बुडवून बघितल्याशिवाय त्यांनी आजवर एकही चाक बसवलं नव्हतं. दिवसभर पोरगी खोकली की ते आपला श्वास रोखून पाण्याकडे बघत राहिले.