खुर्चीत न मावणारे खंडारे सर

खंडारे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते मेहकरच्या शाळेत, दहावीच्या वर्गात, आणि तेव्हाही ते उभेच होते. खुर्ची त्यांना सोसतच नसे. खिडकी, फळा, शेवटचा बाक अशा त्यांच्या येरझारा चालत आणि आमच्या माना त्यांच्यामागे फिरत. साठी आली तरी ही चुळबुळ शमलेली नाही. सरांच्या या गौरवग्रंथातल्या छायाचित्रासाठी ते कसे बसले, हे संपादकांनाच ठाऊक!

सर इंग्रजी शिकवत आणि भाषांतराला हटकून एक वाक्य देत, 'परवा पाऊस झाला असता, तर आज जमीन ओली असती.' मराठीत दोन्हीकडे 'असता-असती', म्हणून इंग्रजीतही आम्ही दोन्ही अर्धी भूतकाळात ढकलत असू. सर कळवळून म्हणत, "पाऊस परवाचा, तिथं 'हॅड' बरोबर. पण ओल आजची हाय ना? मंग 'वुड बी' म्हणा. 'वुड हॅव बीन' काऊन लावता?" दर शनिवारी प्रत्येकाने असं एक वाक्य करायचं आणि त्यात आपल्या घरातली खरी गोष्ट सांगायची, असा त्यांचा दंडक होता.

अकरावीत, मॅट्रिकच्या तोंडावर, मी उठून इंग्रजीत म्हटलं, 'बाबांनी परवा पाहुण्यांना होकार दिला नसता, तर आज मी निश्चिंत असते.' माझं लग्न ठरलं होतं, शाळा सुटणार होती. "वाक्य बरोबर आहे," सर एवढंच म्हणाले. पण त्या तासाला त्यांच्या हातून पुढे काही शिकवून झालं नाही.

संध्याकाळी त्यांची सायकल जानेफळला आमच्या दारात उभी होती.

"सोयरीक पक्की झाली, सर. आता काऊन आडवे येऊन राह्यले?" बाबा तडकले.

"परीक्षा होऊ द्या, मंग खुशाल वाजंत्री वाजवा. पाहुण्याइले मी सोता भेटतो."

सर खरोखरच पाहुण्यांच्या गावी, दुसरबीडला गेले. पाहुण्यांनी त्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी सोयरीक मोडली.

मी मॅट्रिक झाले. पुढे लग्न झालं, सोनाळ्याच्या शाळेत शिकवूही लागले. बाबा मात्र सरांशी बोलेनात. बाजारात ते दिसले की वाट बदलत. मी भेटले की सरांचा पहिला प्रश्न ठरलेला, "वडिलांचा राग गेला का?" मी 'नाही' म्हटलं की ते पुन्हा येरझारा घालू लागत. मला फार वाईट वाटे.

गेल्या महिन्यात सर निवृत्त झाल्याचं बाबांना कळलं. ते माझ्या आठवीतल्या धाकट्या बहिणीला घेऊन थेट सरांच्या घरी गेले. "वर्ग नसंन त नसो, सर," ते म्हणाले, "तुमची ओसरी त हाय. इले बी मॅट्रिक करा."

सर त्या दिवशी खाली बसले, असं बहीण सांगते.

तेव्हा सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, ही प्रार्थना आम्ही अगदी स्वार्थाने करतो आहोत. धाकटी अजून आठवीत आहे आणि तिच्या पाठीवर आणखी एक आहे.