बोडीची बोट

यादोरावाला आपण शोधून काढला, असं नागपूरचे प्राध्यापक सांगत फिरतात. मला हसू येतं. यादोराव हरवला कधी होता? लाखनीहून सायकलने आमच्या गावात शिरलं की डाव्या हाताच्या छपरीत तो पाय पसरून बसलेला असायचा. बायको निर्मलाबाई लोकांच्या बांध्यांत चिखलात वाकून धानाचा रोवणा करायची आणि हा येणाऱ्याजाणाऱ्याला ‘मी बंबईत होतो तवा’ म्हणून अडवायचा. हरवलेला माणूस इतकं बोलत नाही.

मी टिकाराम. लाखनीच्या बसस्टँडवर माझा पेपरचा आणि पुस्तकांचा ठेला होता. यादोरावाने ‘रुद्रसेन’ नावाने लिहिलेल्या खुनाच्या कादंबऱ्या मीच विकल्या. ट्रक ड्रायव्हर घेऊन जायचे, ढाब्यावर वाचायचे आणि परतीच्या फेरीत डाळीचे डाग पाडून बदलून मागायचे. सगळ्या एका साच्यातल्या. पहिल्या पानावर बाई मरायची, शेवटच्या पानावर नोकर पकडला जायचा. करडीच्या शाळेत मास्तर असताना त्याने पोरांना बाराखडी कमी आणि विषांची नावं जास्त शिकवली असावीत.

एकच कादंबरी त्याने खरी लिहिली. नाव ठेवलं ‘काळ्या बोडीचं रहस्य’. बोडी म्हणजे आमच्याकडचं शेताजवळचं लहान तळं, धानाला पाणी देणारं.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात आनंदाबाईची पोरगी उषा अशाच एका बोडीत मेलेली सापडली. उषा गावातल्याच भोजराजची सून. भोजराजची धानाची गिरणी, पंचायतीत वजन. पाय घसरला आणि बुडाली, असं त्याने सांगितलं आणि पंचनाम्यात तेच उतरलं. आता मे महिन्यात बोडीत पाणी किती असतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यात उषा तळ्याकाठी वाढलेली, भर तलावात शिरून शिंगाडे तोडणारी. सगळ्या गावाला काय झालं ते कळलं आणि सगळं गाव गप्प बसलं, कारण सगळ्यांचं धान त्याच गिरणीत जायचं.

यादोराव तेव्हा मात्र पेटला. त्याने कादंबरी लिहून काढली आणि आनंदाबाईच्या अंगणात बसून तिला वाचून दाखवली. मीही होतो. नावं बदललेली, पण गिरणी तीच, सासरा तोच. त्याचा गुप्तहेर बोडीत उतरतो, पाणी त्याच्या गुडघ्याला लागतं आणि तिथेच खून उघडा पडतो. आनंदाबाईला अक्षरओळख नव्हती. तिने त्याला मध्येच थांबवलं आणि स्वतःच्या पायाला तळहात लावून दाखवलं. पाणी गुडघ्याला नव्हतं, गुडघ्याच्या खाली होतं, तेवढं दुरुस्त कर म्हणाली. त्याने केलं. त्या दिवशी मला हा माणूस आवडला होता. आज ते सांगतानाही तोंड कडू होतं.

कादंबरी पुण्याला छापायला गेली. तिकडे बोडी म्हणजे भादरलेलं डोकं. अक्षरं जुळवणाऱ्याला वाटलं, लिहिणाऱ्याचा हात चुकला. त्याने ‘ड’चा ‘ट’ केला आणि जाहिरात छापून आली, ‘काळ्या बोटीचं रहस्य’. प्रकाशकाला बोट फार आवडली. मुखपृष्ठावर बोट काढता येते, बोटीवर ओलेती बाई काढता येते. त्याने यादोरावाला कळवलं, बोट राहू द्या, बाकीचं तेवढं जुळवून घ्या. वैनगंगेवरचा डोंगा सोडला तर यादोरावाने आयुष्यात पाण्यावर चालणारं काही पाहिलं नव्हतं. तरी त्याने जुळवून घेतलं. गिरणी काढली, सासरा काढला आणि खुनी म्हणून एक खलाशी पकडला. गुडघ्याखालचं पाणीही काढलं. समुद्रात बुडालेल्या बाईबद्दल कोण काय विचारणार?

पुस्तक आलं तेव्हा आनंदाबाई गावाहून चालत माझ्या ठेल्यावर आली. मी वाचत गेलो, ती ऐकत गेली. बरंच ऐकल्यावर तिने विचारलं, “समुद्र म्हंजे कोनती बोडी गा?”

मी तिला चहा पाजला.

याच बोटीत बसून यादोराव मुंबईला गेला. सिनेमावाल्यांनी गोष्ट घेतली आणि संवाद लिहायला त्याला ठेवून घेतलं. सिनेमा भंडाऱ्याला लागला तेव्हा अख्खं गाव बघायला गेलं. पडद्यावर ‘रुद्रसेन’ कुठे आला ते कुणालाच दिसलं नाही, शिट्ट्या मात्र सगळ्यांनी मारल्या. पुढे त्याने लिहिलेला मुंबईचा दादा ‘कायले आला बे’ म्हणायला लागला, तेव्हा त्याची तिथली रोजी संपली. एक्क्याऐंशीत हा मुकाट परत आला. भोजराजच्या गिरणीतून त्याच्या घरी तांदळाचं पोतं यायला लागलं. कशाबद्दल, ते गावाने विचारलं नाही. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे गावाला शिकवावं लागत नाही.

शहाऐंशीत प्राध्यापक आले. त्यांना नागपूरच्या रद्दीत ‘काळ्या बोटीचं रहस्य’ सापडलं होतं. विस्मृतीत गेलेल्या रहस्यकथाकाराबद्दल त्यांनी लेख लिहिला आणि गावात सत्कार ठरवला. सत्कार समितीचा अध्यक्ष कोण, तर भोजराज. शाळेच्या पटांगणात मंडप पडला. प्राध्यापक म्हणाले, बोट हे माणसाच्या एकटेपणाचं प्रतीक आहे. खेड्यातल्या लेखकाने थेट समुद्राला हात घालावा, ही केवढी झेप. यादोराव मान डोलवत होता, आपली कादंबरी आपल्याला आजच कळल्यासारखा. भोजराजने त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. उथळ पाण्याला खळखळाट फार.

यादोराव माइकसमोर आला, तेव्हा बायांच्या बाजूने आनंदाबाई उठली. पाठीत वाकली होती, आवाज मात्र साफ होता.

“यादो, पानी केवढं होतं गा?”

प्रश्न कळला नाही असा एकही माणूस गावात नव्हता. प्राध्यापक तेवढे हसतमुखाने बघत होते, त्यांना ती वाचक वाटली असावी. यादोरावाला फक्त ‘गुडघ्याखाली’ म्हणायचं होतं. चारचौघांत, भोजराजच्या तोंडावर कुणीतरी ते म्हणावं, यासाठी ती म्हातारी इतकी वर्षं थांबली होती. इतकं सगळं पाहूनही मला क्षणभर वाटलं, हा म्हणेल.

त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही. आधी भोजराजकडे पाहिलं, मग प्राध्यापकांकडे, आणि शाल सावरत छापील मराठीत म्हणाला, “समुद्राचा थांग कुणाला लागला आहे?”

प्राध्यापकांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यांनीच.

आनंदाबाई खाली बसली नाही. तिने लुगडं जरा वर धरलं आणि तळहात गुडघ्याच्या खाली नडगीला लावला. तशीच वळत ती सगळ्यांना दाखवत राहिली, आधी बायांना, मग पुरुषांना, मग स्टेजला. भोजराज जमिनीकडे बघत होता.

मी स्टेजला लागूनच पहिल्या रांगेत होतो. यादोराव माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, “टिकाराम, काकीले बसव ना गा. थकली ते.” माइक चालू होता, त्यामुळे ते सगळ्या गावाने ऐकलं.

मी जागचा हललो नाही. पण निर्मलाबाई उठली. नवऱ्याचं ऐकून म्हातारीला बसवायला निघाली, असं मला वाटलं. ती आनंदाबाईच्या शेजारी जाऊन उभी राहिली, रोवण्याला वाकते तशी वाकली आणि तिनेही आपला हात गुडघ्याखाली लावला.