सेरंगूनहून तांजोंग पगार, झाकल्या डोळ्यांच्या गाडीतून

गाडी अजून सिंगापुरातच आहे. भावोजींनी काल फोनवर स्वतःच सांगितलं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या गिऱ्हाइकाला त्यांनी मंगळवारपर्यंत थांबायला सांगितलंय, कारण त्या दिवशी गाडीची वार्षिक तपासणी आहे.

दसऱ्याला तिकडे जायचं ठरलं ते या गाडीमुळेच. स्वातीताई माझी मावसबहीण. तिचे यजमान, म्हणजे वसंतभावोजी, तांजोंग पगारच्या एका बँकेत हिशेब तपासण्यात आयुष्य घालवून निवृत्त झाले. दोघं सेरंगूनला राहतात. साठच्या दशकातली अमेरिकन मसल कार ही त्यांची एकमेव चैन. मॉडेल लिहीत नाही. तिथे अशा गाड्या इतक्या थोड्या आहेत, की नाव लिहिलं तर घरचा पत्ता दिल्यासारखं होईल.

मसल कार म्हटल्यावर मला भडक पट्टे आणि कानठळ्या आठवतात. ही निघाली गडद हिरवी, बदामी चामड्याच्या सीटची, लाकडी डॅशबोर्डची. पुढचे दिवे जाळीमागे झाकलेले असतात. लावले की जाळीचे दोन तुकडे वर सरकून आत जातात आणि डोळे उघडतात. वळताना मागचे लाल दिवे आतून बाहेर एकेक करत पेटत जातात. आठ सिलिंडरचं इंजिन, पण उभ्या गाडीत आवाज येतो तो बैठकीच्या खोलीत कुणी खर्जात बोलत असल्यासारखा. स्टीअरिंग ऑस्ट्रेलियात उजवीकडे बसवून घेतलेलं. जुनी गाडी म्हणून वर्षातले ठरावीक दिवसच ती रस्त्यावर काढता येते. भावोजी ते दिवस श्रीखंडासारखे पुरवून वापरतात.

यंदा मात्र ताईने अट घातली होती. त्यांचा खांदा दुखतो, स्टीअरिंग जड आहे, कंडोच्या, म्हणजे त्यांच्या सोसायटीच्या, पार्किंगमध्ये एक जागा कायमची अडलेली आहे. तपासणीत पास झाली तर ठेवायची, नाहीतर पर्थला द्यायची. भावोजींनी हो म्हटलं होतं, आणि तेव्हापासून जेवताना फारसं बोलत नव्हते.

दसरा रविवारी होता. सकाळी पार्किंगमध्ये पूजा झाली. लिटल इंडियातून चार-पाच डॉलरला मिळणारी झेंडूची सुटी फुलं ताईने घरी ओवली होती. साधा दोरा तुटतो म्हणून नायलॉनचा घेतला आणि जाळीवर हार घट्ट बांधला. भावोजी म्हणाले, रंगाला कुंकू लावू नकोस. तिने काचेला लावलं.

अप्पर सेरंगून रोडने निघालो. पुढे ते दोघं, मागे मी. सिग्नलला शेजारच्या टॅक्सीवाल्याने काच खाली केली.

"अंकल, सो हँडसम लाह. सेलिंग ऑर नॉट?"

ताई म्हणाली, "आस्क हिम आफ्टर इन्स्पेक्शन."

रविवारी तांजोंग पगार ओस असतं, त्यामुळे खाली दुकान, वर घर अशा जुन्या शॉपहाउसेसच्या रांगांमधून गाडी संथ फिरवता येते. तुम्ही एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, जाणार असाल तर सेरंगूनहून जांभळ्या लाइनने औट्रम पार्क, तिथून हिरव्या लाइनवर एकच स्टेशन. खाण्याच्या टपऱ्या एका छताखाली असलेल्या हॉकर सेंटरमध्ये काया टोस्ट, म्हणजे नारळाचा जॅम लावलेला पाव, आणि कोपी, म्हणजे तिथली दाट कॉफी, घ्या; दोघांचं दहा डॉलरमध्ये आरामात भागतं. भावोजी खिडकीतून गाडी दिसेल अशाच टेबलाला बसले.

परतताना बोगद्याचा रस्ता घेतला. आत दिवे लावावेच लागतात. भावोजींनी बटण ओढलं आणि जाळीत कट्ट असा आवाज झाला. पुढच्या व्हॅनच्या चकचकीत मागच्या दारात आमचं प्रतिबिंब दिसलं: डावा डोळा उघडा, उजवा अर्धवट मिटलेला.

"हार," भावोजी एवढंच म्हणाले.

वर सरकणाऱ्या जाळीने दोरा आत ओढून घेतला होता. पुढच्याच फाट्याने आम्ही बाहेर पडलो. एक दिवा न उघडणारी गाडी तपासणीत नापास होणार, हे तिघांनाही कळत होतं.

पार्किंगमध्ये भावोजी चाकाजवळ नुसते उभे राहिले. ताई लिफ्टने वर गेली. मला वाटलं, कटकट मिटली म्हणून स्वयंपाकाला लागेल. ती भुवया कोरायचा चिमटा आणि टॉर्च घेऊन खाली आली, पूजेच्या साडीतच जमिनीवर बसली आणि बिजागरीतून दोरा तंतू तंतू काढू लागली. मी टॉर्च धरला.

"अगं, राहू दे," भावोजी म्हणाले. "ठरलंय ना आपलं."

"ठरलंय ते ती आपणहून बिघडली तर. मी बिघडवली तर नाही." मग मान वर न करता म्हणाली, "आणि ही गेल्यावर रविवारी तुम्ही माझ्याशी काय बोलणार आहात? व्याजदर?"

भावोजी तिच्या शेजारी, दुखऱ्या खांद्याने जाळी उचलून धरत बसले.

मी निघालो तेव्हा दिवा थोडा अडखळत उघडत होता. आता पुण्यात सिग्नलला थांबलो की चकचकीत मोठ्या गाड्या शेजारी येतात. बघतो, पण नजर रेंगाळत नाही. देखणेपणाला घाई नसते, हे त्या मागच्या सीटवर बसून कळलं होतं.

काल भावोजी म्हणाले, मंगळवारी ताईसुद्धा तपासणी केंद्रावर येतेय, पहिल्यांदाच. मी विचारलं, आणि नापास झाली तर? ते काही बोलायच्या आत मागून ताईचा आवाज आला.

"तर पुढच्या आठवड्यात परत नेऊ."