तीन बोटांची फट

"तीन बोटं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी उताणी झोपून मान जराशी उचलली होती आणि त्यांची बोटं बेंबीच्या वर पोटात सहज रुतली होती. याला 'डायस्टॅसिस रेक्टाय' म्हणतात. गरोदरपणात पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात आणि नंतर मधली फट भरून येत नाही. मग त्यांनी विचारलं, शिंकताना लघवी होते का? मी छताकडे बघत हो म्हटलं. बाळंतपणाला नऊ आठवडे झाले होते आणि हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते.

मी बेळगावातल्या एका शाळेत मुलींना खो-खो शिकवते. दुसऱ्यांच्या तब्येतीवर भाषणं देणाऱ्या बाईची ही गत. आता हसू येतं, तेव्हा आलं नाही.

बाळंतपणाला मी माहेरी, उचगावला होते. नवरा नोकरीला बेंगळुरूला, लेकीला व्हिडिओ कॉलवर बघायचा. आई रोज सकाळी मला शेक द्यायची आणि जुन्या लुगड्याचा पट्टा पोटाला आवळून बांधायची. घट्ट बांधल्याशिवाय पोट जागेवर येत नाही, हे तिचं पक्कं मत. ती शेतात गेली की मी दार लावून मोबाइलवर बघून सिटअप्स काढायची, रोज पन्नास, आणि तेही पट्टा न सोडता. आईचा उपाय आणि माझा उपाय एकदम केले की फळ दुप्पट मिळेल असा हिशेब. रजा तीन महिन्यांचीच होती. मैदानावर पळता आलं नाही तर माझ्या जागी दुसरी बाई येणार, ही धास्ती होती.

दोरीच्या उड्या सुरू केल्या त्या दिवशी सातव्या उडीला सलवार ओली झाली. बाळानं भिजवली, असं आईला सांगितलं. तीन आठवडे सगळं बाळावर ढकललं. लेकीला बोलता येत नव्हतं म्हणून खपलं.

घरात बायकांची ये-जा होती. सगळ्या बाळाला बघून जायच्या. मी खाटेवर बसून हसायची आणि आतून अगदी एकटी असायची. थोरल्या बहिणीला, आक्काला, सांगावं म्हणून फोन केला, तर तिनं बारशाचाच विषय काढला.

डॉक्टरीणबाईंनी चूक सरळ सांगितली. "मधे पट्टा आवळलात, वरून जोर लावलात. भार खालीच जाणार ना?" खाली म्हणजे 'पेल्विक फ्लोअर', मूत्राशय आणि गर्भाशय तोलून धरणारे तळाचे स्नायू. त्यांनी मला फिजिओथेरपीला पाठवलं. तिथं बाकावर शेजारच्या आजींनी काय दुखतंय विचारलं. मी म्हटलं, गुडघा.

फिजिओ कन्नड मुलगी. सिटअप्स बंद, उड्या बंद. "उसिरु बिडी," म्हणायची, श्वास सोडा. सोडताना लघवी अडवल्यासारखा तळ आत ओढायचा, मग पूर्ण सैल सोडायचा. बाकी सावकाश चालणं. मला रागच आला. पळणाऱ्या बाईला ही श्वास शिकवत होती.

दुसऱ्या दिवशी आई पट्टा घेऊन आली, तेव्हा मी नको म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं. ती खाटेच्या कडेला बसली. पट्ट्याची घडी घालत राहिली.

"मलाबी होतंय की गं. तू झाल्यापास्नं."

बत्तीस वर्षं. मी शाळेत असताना माझ्या एकाही सामन्याला आई आली नव्हती. बस सोसत नाही म्हणायची. मी ते मनात धरून ठेवलं होतं.

पुढच्या खेपेला मी तिलाही फिजिओकडे नेलं. मग रोज सकाळी आम्ही दोघी चटईवर शेजारी पडून श्वास सोडायचो.

तुमचं नुकतंच बाळंतपण झालं असेल तर व्यायामाआधी तपासून घ्या. खाली जड वाटलं, लघवी सुटली, तर थांबा आणि सांगा. कुणी विचारेल याची वाट बघू नका.

रजा संपल्यावर मी मुख्याध्यापिकांना खरं सांगितलं. पहिले काही महिने शिट्टी आणि चालणं एवढ्यावरच शिकवलं. त्यांनी ते चालवून घेतलं, त्यांचे उपकार आहेत.

लेक आठ महिन्यांची झाली तेव्हा फिजिओनं पळायला परवानगी दिली. त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी मैदानाची एकच फेरी पळाले, तीही सावकाश. कडेला आई उभी होती, लेकीला कडेवर घेऊन. उचगावहून बसनं आली होती.